डिजिटल बाईला साडी नेसवायचीय? क्लॉथ सिम्युलेशनचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं थ्रीडी कॅरेक्टर्सचे कपडे हेच माझं रोजचं काम आहे, त्यात साड्या जास्त. इनबॉक्समध्ये फिरून फिरून तेच प्रश्न येतात, अर्ध्या वेळा रात्री दीड वाजता आणि सोबत "ताई उद्या सबमिशन आहे" असं लिहिलेलं असतं. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. आकडे बहुतेक ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचे आहेत कारण विचारणारे बहुतेक ब्लेंडरवाले असतात, मार्व्हलस डिझायनर या कपडे शिवायच्या सॉफ्टवेअरचं जिथे आहे तिथे तसं सांगितलंय. सगळं सलग वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि वाचा.

१. क्लॉथ सिम म्हणजे कॉम्प्युटर नक्की करतो काय?

तुमचं कापड म्हणजे बिंदूंची जाळी. प्रत्येक बिंदूला वजन आहे आणि शेजारच्या बिंदूंना तो स्प्रिंगांनी बांधलेला आहे. काही स्प्रिंगा ताण सांभाळतात, काही तिरपं सरकणं, काही वाकणं. दर फ्रेमला, खरं तर फ्रेमच्याही बारीक तुकड्यांना, सॉल्व्हर (हे गणित सोडवणारा भाग) विचारतो की गुरुत्वाकर्षण किती, हवा किती, स्प्रिंगा किती ओढतायत, अंगाला कुठे टेकलंय, आणि त्यावरून प्रत्येक बिंदू पुढे कुठे जाईल ते ठरवतो. बस.

खरं कापडही जवळपास असंच असतं. ताणा-बाण्याच्या दिशेने ओढलं तर फारसं ताणत नाही, पण तिरपं ओढलं की लगेच देतं. शिंपी ज्याला उरेब म्हणतात तेच हे. हातरुमाल घ्या, आधी समोरासमोरच्या दोन कडा धरून ओढा, मग समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. टेन्शन (ताण) आणि शिअर (तिरपं सरकणं) हे दोन स्लायडर वेगळे का आहेत ते तिथेच कळेल, ट्युटोरिअल बघायला नको.

२. कुठलं सॉफ्टवेअर शिकू? फुकटात होईल का?

होईल, ब्लेंडर फुकट आहे आणि साधा झगा, ओढणी, पडदा, सहावारी साडी इथपर्यंत व्यवस्थित जातं. मार्व्हलस डिझायनर विकतचं आहे, कोरियन कंपनीचं, आणि त्यात शिंप्यासारखं सपाट पॅटर्न कापून शिवायचं असतं. ज्यांना बेतणं, कापणं माहीत आहे त्यांना ते दोन दिवसांत जमतं, ज्यांना फक्त मॉडेलिंग येतं ते आठवडाभर चडफडतात. हुडिनी, माया यांतही सॉल्व्हर आहेत पण पहिला ड्रेस करायला तिकडे जाऊ नका.

एक खरं सांगू का, सॉफ्टवेअरपेक्षा घरातला एखादा जुना शर्ट उसवून त्याचे तुकडे जमिनीवर पसरून बघण्यात जास्त शिकायला मिळतं. माझा बाहीचा घोळ तिथेच सुटला. बाहीचा वरचा भाग घंटेसारखा गोल का कापतात हे मला तोवर माहीतच नव्हतं, मी सरळ नळी जोडायचे आणि काखेत कायम गोळा व्हायचा.

३. माझा लॅपटॉप चालेल का, ग्राफिक कार्ड किती लागतं?

ब्लेंडरचं क्लॉथ प्रोसेसरवर चालतं, त्यामुळे भारी ग्राफिक कार्डचा उपयोग रेंडरला (शेवटचं चित्र काढायला), सिमला नाही. सोळा जीबी रॅममध्ये शिकण्यापुरतं सगळं होतं. मार्व्हलसमध्ये ग्राफिक कार्डवर सिम करायची सोय आहे. पण लॅपटॉप रडत असेल तर आधी कापडाची जाळी किती बारीक केलीय ते बघा, बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं (प्र. ४ आणि ८).

४. कापड रबरासारखं ताणतंय, शर्ट गुडघ्यापर्यंत लोंबतोय. टेन्शन वाढवलं तरी तेच. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा नीट बघू.

पहिलं, क्वालिटी स्टेप्स, म्हणजे एका फ्रेमचे किती तुकडे करून हिशेब करायचा. ब्लेंडरमध्ये मुळात ५ असतात, कपड्यांना ते कमी पडतात. १० ते १५ करून बघा, टेन्शनला हात लावायच्या आधी.

दुसरं, वजन. इथे भलेभले फसतात. ब्लेंडरमधला मास हा अख्ख्या कापडाचा नाही, एकेका व्हर्टेक्सचा, म्हणजे बिंदूचा आहे. मुळातला आकडा ०.३ किलो. आता साडेपाच मीटर बाय सव्वा मीटरला जरा कमी अशी साडी घ्या, दर दोन सेंटिमीटरला एक बिंदू ठेवला तर साधारण १५,८०० बिंदू होतात. गुणा ०.३. पावणेपाच टन भरते साडी! मग ती लोंबणार नाही तर काय होणार. आणि तुम्ही छान दिसावं म्हणून एकदा सबडिव्हाइड अप्लाय केलं (जाळी बारीक केली) की बिंदू चौपट, म्हणजे वजनही चौपट, टेन्शन मात्र तेवढंच. लोक मला लिहितात की "मेश बारीक केल्यावर अजूनच बिघडलं", ते यामुळे. जाळी चौपट केली तर मास एक चतुर्थांश करा. खऱ्या ग्रॅमइतका खाली आणायची गरज नाही, कारण दिसतं ते वजन आणि ताठपणा यांचं प्रमाण, आकडा नाही.

तिसरं, जाळी बारीक झाली की एका रेषेत एकामागे एक जास्त स्प्रिंगा येतात आणि प्रत्येक थोडी थोडी ताणली तरी सगळी मिळून बरंच लांबतात. म्हणून बारीक जाळीला जास्त स्टेप्स लागतात. हा सगळ्या सॉल्व्हरांचा जुना आजार आहे. १९९५ मध्ये झेवियर प्रोव्हो यांनी त्यावर उपाय सुचवला की स्प्रिंग ठराविक टक्क्यांपेक्षा जास्त ताणली तर बिंदू सरळ मागे ओढून घ्यायचे. मग १९९८ मध्ये डेव्हिड बाराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी गणित उलटं मांडलं, म्हणजे आत्ताच्या जोरावर पुढे उडी मारण्याऐवजी पुढच्या क्षणाला जो जोर असेल तो धरून समीकरण सोडवायचं. त्यामुळे ताठ कापडालाही मोठ्या उड्या घेता यायला लागल्या आणि सिम फुटायचं थांबलं. आज आपण जे वापरतो त्यातलं बरंच काही त्या पेपरच्या घराण्यातलं आहे.

हे तिन्ही करून झाल्यावरच टेन्शन वाढवा.

५. अंग कपड्यातून बाहेर येतंय, मांडी दिसते, कोपर दिसतं.

आधी जे अंग दिसायलाच नको ते झाकून टाका. शर्टाच्या आतली छाती कॅमेऱ्याला दिसणार आहे का? नाही ना, मग मास्क मॉडिफायरने ती रेंडरमधून काढा. यात फसवणूक नाही, सगळे हेच करतात.

त्यानंतर चार गोष्टी क्रमाने तपासा. स्केल अप्लाय केलंय का. अंगाचे नॉर्मल बाहेर तोंड करून आहेत का (उलटे असतील तर कापड आत ओढलं जातं आणि तुम्ही दोन तास कोलिजनचे (टक्करीचे) आकडे बदलत बसता). अंगावरचा कोलिजन मॉडिफायर आर्मेचरच्या (अंग हलवणाऱ्या हाडांच्या सांगाड्याच्या) खाली आहे का, वर असेल तर कापड टी-पोजमध्ये, हात पसरून उभ्या राहिलेल्या अदृश्य बाईला टेकत बसतं. आणि अंगाची जाळी कपड्याच्या मानाने फारच ढोबळ नाही ना.

एवढं करूनही फक्त वेगवान हालचालीतच अंग बाहेर येत असेल तर प्र. ६, आणि फक्त काखेत किंवा गुडघ्यामागे येत असेल तर प्र. १२.

६. लावणीची गिरकी आहे, ढोल वाजवणारा हात आहे, तिथेच कपडा फाटल्यासारखा होतो. हळू चालताना ठीक असतं.

हिशेब करून बघा. २५ फ्रेमच्या व्हिडिओत हात सेकंदाला ४ मीटरने जात असेल तर एका फ्रेममध्ये तो १६ सेंटिमीटर सरकतो. स्टेप्स ५ असतील तर एका स्टेपमध्ये ३.२ सेंटिमीटर. ब्लेंडरचं कोलिजन अंतर मुळात दीड सेंटिमीटर. म्हणजे एका स्टेपला हात कापडाच्या अलीकडे, पुढच्या स्टेपला पलीकडे, मधे टेकल्याचं सॉल्व्हरला कळलंच नाही. स्टेप्स १६ केल्या की १ सेंटिमीटर येतो आणि मग पकडला जातो. ढोलवाल्याच्या झब्ब्याला मी २० च्या खाली जातच नाही.

अजून एक. मोकॅपमध्ये (खऱ्या माणसाच्या टिपलेल्या हालचालीत) एखाद्या फ्रेमला हात टुणकन उडालेला असतो, नुसत्या डोळ्याला दिसत नाही पण कापडाला बरोबर जाणवतो. ग्राफ एडिटर उघडा, टोकदार सुळका दिसला की तो घासून सपाट करा. निम्मे "सॉल्व्हरचे बग" हे असे ॲनिमेशनमधले निघतात.

७. फ्रेम १ ला कपडा स्फोट झाल्यासारखा उडतो.

सुरुवातीलाच कपडा अंगात घुसलेला आहे, किंवा कपड्याचे दोन थर एकमेकांत. सेल्फ कोलिजनचं (कापडाच्या स्वतःशीच टक्करीचं) अंतर बिंदूंमधल्या अंतरापेक्षा जास्त ठेवलं तरी हेच होतं, कारण मग प्रत्येक बिंदूला शेजारी आपल्या अंगावर आल्यासारखा वाटतो आणि तो त्याला ढकलतो.

आणि कृपा करून थेट नाचाच्या पहिल्या पोजपासून सिम सुरू करू नका. ॲनिमेशन ५० फ्रेम पुढे सरकवा, १ ते ५० मध्ये कॅरेक्टर हात थोडे लांब ठेवून उभी आहे तिथून सावकाश पहिल्या पोजला येऊ द्या, कपडा बसू द्या, मग खेळ सुरू. त्या ५० फ्रेम रेंडर करायच्या नाहीत. आपणही कपडे घालतो तेव्हा आधी उभे असतो, उडी मारताना घालत नाही.

८. साडी कशी नेसवायची? नऊवारी जमेल का? खूप प्रयत्न केला, नुसता बोळा होतो.

हाच तो मला रोज येणारा मेसेज.

खरी साडी जशी नेसतात तशी लांब पट्टी घेऊन गुंडाळत बसणं हा पहिला मोह, आणि मीही त्यात एक अख्खा मे महिना घालवलाय. होतं असं की सहावारीत निऱ्या सहा धरल्या, प्रत्येक पाच-साडेपाच इंचाची, तर त्यातच दीड-पावणेदोन मीटर कापड जातं आणि बेंबीखाली एकावर एक डझनभर थर बसतात. आता सेल्फ कोलिजनचं अंतर दीड सेंटिमीटर ठेवलं तर बारा थरांची जाडी अठरा सेंटिमीटर. पोटावर उशी बांधल्यासारखं दिसतं, तो तुमचा "बोळा". अंतर ३ मिलिमीटर करा, साडेतीन सेंटिमीटर होतील. पण ३ मिलिमीटरला बारीक जाळी आणि जास्त स्टेप्स लागतात, आणि मग लॅपटॉप बसतो.

म्हणून नेसवायची नाही, शिवायची. आमच्या गल्लीत एक काकू तयार नऊवारी शिवून देतात, नाचाच्या ग्रुपांना, लग्नातल्या करवल्यांना. मी एकदा त्यांच्याकडे जाऊन बसले आणि विचारलं की हे उघडून दाखवा ना. त्यांनी मशीनवरची अर्धवट साडी उलटी केली तर आत चक्क पायजमा! पुढे निऱ्यांचा एक जुडगा वेगळा शिवून कमरेच्या पट्टीत बसवलेला, मागे काष्ट्याचा काठ वरून खालपर्यंत नुसता टाचलेला, पदर तिसराच तुकडा, कमरेशी जोडलेला. "अगं खरं नेसलेलं कापड नाचात सुटतं, हे नाही सुटत," एवढंच म्हणाल्या आणि परत मशीन चालू. माझं काम तिथेच झालं.

तर तसंच करा. सहावारीला: कमरेभोवती परकरासारखा घेर, पुढे निऱ्यांचा वेगळा तुकडा ज्याच्या घड्या मॉडेल करतानाच पाडलेल्या आहेत, आणि छातीवरून खांद्यावर जाणारा पदर. कमरेची वरची कड तिन्हीची पिन करा, म्हणजे अंगाला पक्की बांधा. आतला परकर वेगळा सिम करू नका, एक साधा स्थिर शंकू कोलिजनला ठेवा. नऊवारीला: पायजमा, पुढचा ओचा, मागचा काष्टा, पदर. काष्टा पायांच्या मधून खरोखर न्यायचा नाही, कारण दोन मांड्यांच्या कचाट्यात सापडलेलं कापड हे सॉल्व्हरचं सगळ्यात मोठं दुखणं आहे (प्र. १२). मागे वरून बसवलेला दिसला की पुरे. जोड कमरेच्या खोचणीत लपतात, आणि राहिलेच तर वरून कंबरपट्टा आहेच.

मार्व्हलसवाल्यांना बेरीज सांगून ठेवते. नऊ वार म्हणजे साधारण ८.२ मीटर. पार्टिकल डिस्टन्स (बिंदूंमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) २० वर २४ हजारांच्या आसपास बिंदू, १० वर ९४ हजार, ५ वर पावणेचार लाखांच्या वर. सगळं बसवणं २० वर करा आणि शेवटी एकदाच खाली उतरा. पहिल्या मिनिटापासून ५ ठेवून "सॉफ्टवेअर हँग होतं" म्हणणारे रोज दोन तरी भेटतात.

९. पदर खांद्यावरून घसरतो.

खऱ्या आयुष्यातही घसरतो, म्हणून तर आपण सेफ्टी पिन लावतो. तीच लावा. खांद्यावरच्या निऱ्यांचे पाच-सहा व्हर्टेक्स पिन ग्रुपमध्ये वजन १ ने (इथे वजन म्हणजे पकड, १ म्हणजे पूर्ण) घ्या, आजूबाजूचे हळूहळू ०.५, ०.२ करत सोडा, नाहीतर खिळा ठोकल्यासारखं दिसतं. आर्मेचर मॉडिफायर क्लॉथच्या वर हवा, तरच पिन केलेले बिंदू खांद्याबरोबर हलतील.

मोकळा सोडलेला, हातावर घेतलेला पदर असेल तर पिन तशीच ठेवा आणि घर्षण वाढवा. पूर्ण पिनेशिवाय नाचणारी बाई दाखवायची असेल तर पदर पडणार हे गृहीत धरा, दिग्दर्शकालाही आधीच सांगून ठेवा.

१०. सुती, सिल्क, डेनिम, यांचे आकडे कुठून आणायचे? पैठणी कशी करायची?

ब्लेंडरमध्ये कॉटन, सिल्क, डेनिम, लेदर, रबर असे प्रीसेट आहेत, सुरुवात तिथून करा. पण ते प्रीसेट म्हणजे हॉटेलातला "मिडियम तिखट", प्रत्येकाच्या जाळीवर वेगळा लागतो (का ते प्र. ४ मध्ये).

मी काय करते सांगते. खरं कापड असेल तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टाकते. ५०० ग्रॅमची सहावारी म्हणजे चौरस मीटरला साधारण ८० ग्रॅम. मार्व्हलसमध्ये हा आकडा थेट कामाला येतो, ब्लेंडरमध्ये तुलनेला. मग वाकण्याची परीक्षा. कापडाची इंचभर रुंद पट्टी टेबलाच्या कडेवरून सावकाश बाहेर सरकवायची आणि टोक किती बाहेर गेल्यावर वाकून ४१.५ अंशांच्या रेषेला टेकतं ते मोजायचं. १९३० साली पिअर्स यांनी कापडाचा स्पर्श आकड्यात मांडण्यासाठी ज्या परीक्षा दिल्या त्यातली ही, कापड गिरण्यांच्या प्रयोगशाळांत अजून करतात. मऊ सुती थोडीच बाहेर गेली की मान टाकते, काठाची पट्टी बरीच पुढे जाऊन मग वाकते. आता तीच पट्टी ब्लेंडरमध्ये करा, तीच टेबलाची कड, आणि बेंडिंग हलवत राहा जोपर्यंत तेवढीच लांबी तेवढीच वाकत नाही. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि नंतरचे तीन दिवस वाचतात. फक्त पट्टीची जाळी ड्रेसइतकीच बारीक ठेवा, नाहीतर सगळं मुसळ केरात.

पैठणीत अडचण अशी की ती एक कापड नाहीच. मधलं अंग रेशमी मऊ, काठ आणि पदर जरीने जड आणि ताठ. प्रॉपर्टी वेट्समध्ये व्हर्टेक्स ग्रुप (निवडलेल्या बिंदूंचा गट) देऊन काठ-पदराचं बेंडिंग आणि टेन्शन वेगळं करता येतं. वजन मात्र ब्लेंडर ग्रुपने देऊ देत नाही, त्यावर जुगाड म्हणजे काठावर दोन-तीन लूप कट (जाळीत जादा रेषा) जास्त मारा. वजन व्हर्टेक्समागे आहे म्हटल्यावर जिथे बिंदू दाट तिथे कापड आपोआप जड. प्र. ४ मध्ये जो दोष होता तो इथे कामी येतो. आणि बेंडिंग मॉडेल अँग्युलर ठेवा, काठाची ती कडक घडी त्यातच नीट येते.

११. कपडा पाण्यात असल्यासारखा हळू हलतो.

स्केल! नव्वद टक्के वेळा स्केल. १.६ मीटर उंचीवरून पडायला वस्तूला अर्ध्या सेकंदाच्या जरा वर लागतं, १६ मीटरवरून १.८ सेकंद. तुमची बाई चुकून दहापट मोठी असेल तर तिचा घागरा इमारतीवरून सोडलेल्या पडद्यासारखा पडणार. कॅरेक्टर मीटरमध्ये खऱ्या उंचीचं आहे ना बघा. ते बरोबर असेल तर एअर व्हिस्कॉसिटी आणि डॅम्पिंग कमी करा.

उलटं, म्हणजे कपडा माशीसारखा फडफडत असेल तर कॅरेक्टर बाहुलीएवढी झालीय.

१२. काखेत, गुडघ्यामागे, कमरेच्या वळीत कापड अडकतं आणि मग कायमचं तसंच राहतं.

तिथे अंगच अंगात घुसलेलं असतं. हात खाली आणला की वरचा दंड बरगडीत जातो, ॲनिमेटरला ते दिसत नाही आणि कुणाचं बिघडतही नाही, पण मधल्या कापडाने जायचं कुठे? दंड म्हणतो डावीकडे जा, बरगडी म्हणते उजवीकडे. हा प्रश्न मोठ्या स्टुडिओंनाही होता, २००३ मध्ये बाराफ, विटकिन आणि मायकेल कास यांनी यावरच पेपर लिहिला, कापड कचाट्यात असताना त्याला ढकलत न बसता अंगासोबत जाऊ द्यायचं आणि सुटल्यावर गुंता सोडवायचा असा त्याचा रोख.

आपल्या हातात काय आहे? कोलिजनसाठी रेंडरचं अंग वापरू नका. त्याची कॉपी घ्या, काख, कोपराची घडी, गुडघ्यामागचा भाग, मांड्यांची आतली बाजू थोडी खरवडून बारीक करा, म्हणजे कापडाला एक-दोन सेंटिमीटर जागा मिळेल. ती कॉपी रेंडरला लपवा. बोटं असतील तर सरळ मिटवून एक मोजा घातल्यासारखा हात करा, बोटांच्या फटीत पदर अडकण्याइतका वैताग दुसरा नाही. आणि ॲनिमेटरशी दोस्ती ठेवा, दंड दोन अंश बाहेर घेतला तर कॅमेऱ्याला कळत नाही, तुमची रात्र वाचते.

१३. जीन्स, लेगिंग, चोळी, फेटा, हे पण सिम करायचं का?

नाही हो. जे अंगाला चिकटून आहे ते आर्मेचरने हलवा आणि गुडघा-कोपर वाकल्यावर सुरकुत्या शेप कीने (आधीच घडवून ठेवलेल्या आकाराने) आणा. चोळी पूर्ण तशी. फेटा मॉडेल करा, फक्त मागे सुटलेला शेमला सिम करा. कुर्त्याचं वरचं अर्धं अंग पिन, कमरेखालचं मोकळं. जितकं कमी सिम तितकं चांगलं, हे शिकायला मला चार वर्षं लागली.

१४. गेममध्ये हे चालेल का?

असं नाही चालणार. ६० फ्रेमच्या गेममध्ये एका फ्रेमला सगळं मिळून १६ मिलिसेकंद असतात आणि त्यात कापडाच्या वाट्याला अगदीच तुकडा येतो. अनरिअलमध्ये केऑस क्लॉथ आहे, युनिटीत क्लॉथ कंपोनंट. गेमच्या जगात बहुतेक ठिकाणी पोझिशन बेस्ड पद्धत वापरतात, म्हणजे जोर-त्वरण न काढता बिंदू सरळ योग्य अंतरावर सरकवायचे. झटपट आणि सहसा फुटत नाही. खोट एकच, ताठपणा इटरेशनच्या (एका फ्रेमला किती वेळा सरकवलं त्याच्या) संख्येवर अवलंबून असतो, संख्या बदलली की सुती साडीची एकदम ताडपत्री. २०१६ मध्ये आलेल्या एक्सपीबीडी या सुधारित रूपाने ते बरंच सुटलं. साडीसाठी माझा सल्ला, कमरेखालच्या घेराला हाडांची साखळी द्या आणि फक्त पदराला क्लॉथ.

१५. प्लेबॅकला वेगळं दिसतं, रेंडरला वेगळं. कधी मधूनच उडी मारतो.

बेक केलं नाही, म्हणजे सिमचा निकाल पक्का साठवला नाही. टाइमलाइन मधूनच ओढली, फ्रेम गाळल्या गेल्या, अर्धवट कॅशे राहिला आणि तोच रेंडरला गेला. फाइल सेव्ह करा, डिस्क कॅशे चालू करा, बेक करा, शक्य असेल तर अलेंबिक (हलणारी जाळी साठवणारी फाइल) काढून तेच रेंडर सीनमध्ये आणा म्हणजे सिमचा संबंधच तुटला. कॅशेची शेवटची फ्रेम मुळात २५० असते हेही बघा. माझा पहिला पैसे देणारा शॉट ३०० फ्रेमचा होता आणि २५१ पासून नवरीचा शालू पुतळ्यासारखा थिजला होता, तो मी तसाच पाठवला, मलाच दिसला नाही. क्लायंटने फक्त एक प्रश्नचिन्ह पाठवलं.

१६. कॅरेक्टर थांबली तरी कपडा थरथरतो.

कोलिजन आणि सेल्फ कोलिजन एकमेकांशी भांडतायत. सेल्फचं अंतर थोडं कमी करा, डॅम्पिंग किंचित वाढवा, स्टेप्स वाढवा. शेवटी उरलीच थरथर तर अलेंबिकवर स्मूथिंग मारा.

१७. ब्लाउजवर पदर, पदरावर शाल, वरून मंगळसूत्र. थर कसे सांभाळायचे?

आतून बाहेर, एकेक. आतला थर बेक करा, त्याला कोलिजन द्या, मग त्यावरचा. आतल्याला बाहेरच्याची जाणीव नसते, म्हणजे शाल पदराला दाबणार नाही, पण कॅमेऱ्याला ते क्वचितच कळतं. मंगळसूत्र कापडावर लोळवायचं असेल तर ते कापड म्हणून नको, हाडांच्या साखळीने करा आणि पदराच्या बेक केलेल्या जाळीवर टेकवा. मार्व्हलसमध्ये थरांना लेअर नंबर देता येतो, बसवून झाल्यावर तो परत शून्य करायला विसरू नका.

१८. एआय हे सगळं करणार ना आता?

काही भाग करतोय. अंगाची पोज दिली की कपड्याच्या सुरकुत्या सांगणारी न्यूरल मॉडेल आहेत, त्यातली बरीचशी सिम करून काढलेल्या डेटावर शिकतात, काही थेट भौतिकीच्या नियमांवर. टी-शर्ट, फ्रॉक यांना चांगली चालतात. निऱ्या, खोचणी, एकावर एक बारा थर असं काही मला तरी त्यांच्याकडून अजून मिळालेलं नाही.

१९. सिम छान झालंय पण दिग्दर्शक म्हणतो पदर बरोबर ७२ व्या फ्रेमला चेहऱ्यासमोरून जायला हवा. कसं करू?

वाऱ्याचे आकडे बदलत बसू नका, कापड आज्ञाधारक नसतं, वारा ०.१ ने बदलला की पदर भलतीकडेच जातो. दोन मार्ग. पदराच्या टोकाला तीन-चार व्हर्टेक्सचा हुक लावून एम्प्टीला (रेंडरला न दिसणाऱ्या खुणेला) बांधा आणि ६५ ते ७२ पर्यंत तो हाताने ॲनिमेट करा. ७३ पासून त्याला मोकळं सोडायचं असतं आणि पिन ग्रुपचं वजन थेट कीफ्रेम होत नाही, म्हणून ग्रुप हलवण्यासाठी क्लॉथच्या आधी व्हर्टेक्स वेट मॉडिफायर लावून त्याचा प्रभाव कीफ्रेम करा. किंवा दहा वेगवेगळ्या वाऱ्यांवर बेक करून ठेवा, जो जवळ येईल तो घ्या आणि अलेंबिक आणल्यावर त्या पाच-सात फ्रेम शेप कीने हाताने ढकला. मी बहुतेक वेळा दुसरंच करते. बेक रात्री लावून झोपायचं, सकाळी चहा घेताना दहाही बघायचे, आणि दिग्दर्शकाला त्यातले तीनच दाखवायचे.